वंशवृक्षाच्या लांब फांद्या

वंशावळीस आपण वृक्ष म्हणतों. परंतु हा वृक्ष कोणी माळी लावील तसा नसतो. याचें मूळ कागदाच्या माथ्यावर असतें आणि फांद्या खालीं लोंबतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायांतील अश्वत्थाची ज्यांस आठवण होईल त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. मूळपुरुषाचें नांव वर लिहावें, त्याखालीं त्याचे पुत्र, त्यांच्या खालीं पौत्र, अशी ही रचना आपल्याकडे चालत आली आहे, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत छापल्या गेलेल्या अनेक कुलवृत्तांतांनीं तीच कायम केली. ती वाचण्याची आपली रीतहि ठरून गेली आहे. नजर माथ्यावरून निघते व पायऱ्या उतरत उतरत आपल्या स्वतःच्या नांवाशीं येऊन थांबते. या उतरत्या वाचनांत एक मोठा घोटाळा दडलेला आहे, आणि त्यापायीं एखाद्या घरांतील निरपराध माणसास दोष लागूं शकतो, हें सांगण्याकरितां आजचा हा लेख आहे.

आमचें मूळ गांव आज मुळशीच्या जलाशयाखालीं आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनीं धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांचें नांव त्या लढ्यानें महाराष्ट्रभर झालें. परंतु अखेर धरण झालें आणि खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. आमच्या घराण्याची थोरली पाती तेव्हां पौडाच्या बाजूस येऊन राहिली. धाकटी पाती ताम्हिणीच्या वाटेनें घाट उतरून कोंकणांत गेली. त्या धांवपळींत पुष्कळ वस्तु हरवल्या, पण वंशावळीचा कागद दोन्ही पात्यांनीं जपला. त्याची एक प्रत मजजवळ आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर ती स्वच्छ उतरून काढावी, नवीं नांवें भरावीं आणि घरोघरीं पाठवावी, असें मीं मनांत आणलें व कामास लागलों.

हा कागद समोर धरला असतां त्याचा आकार चटकन् नजरेंत भरतो. माथ्यावर मूळपुरुष. त्याला धरून पांच पिढ्या एकाखालीं एक, एकेकच नांव; जणूं विहिरींत सोडलेला दोर. सहाव्या पिढींत दोन भाऊ. तेथून थोरली व धाकटी या दोन पात्या. पुढें दहाव्या पिढीपर्यंत दोन्ही पात्यांत पुन्हा एकेकच नांव. एका दोराचे दोन झाले एवढेंच. अकराव्या पिढीपासून मात्र एकदम दाटी होते, आणि चौदाव्या पिढींत, म्हणजे माझ्या पुतण्यांच्या पिढींत, कागदाची रुंदी पुरत नाहीं.

घरांतील वडील मंडळी या आकाराचा अर्थ फार दिवसांपासून एकच लावीत आली आहेत. आमचें घराणें 'एकपुत्री' आहे. कोणा पूर्वजाच्या हातून नाग मारला गेला. त्याचा दोष वंशास लागला आणि म्हणून पिढ्यान् पिढ्या एकावर दुसरा मुलगा कोणास झाला नाहीं. माझ्या लहानपणीं ही कथा दिवेलागणीनंतर सांगितली जाई, तेव्हां ती नुसती कथा होती. अलीकडे ती घरांत कारभार करूं लागली. माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलास दोन कन्या आहेत. दोघी गोड व चलाख. थोरली यंदा चौथींत आहे. सूनबाईंचीं दोन्ही बाळंतपणें शस्त्रक्रियेनें झालीं आणि तिसरें नको असा डॉक्टरांनीं स्पष्ट सल्ला दिला. परंतु घरांत कुजबूज थांबेना. दोष अजून उतरलेला नाहीं. नारायणनागबळीचा विधि करावा, म्हणजे तिसऱ्या खेपेस मुलगा होईल, असें ठरत चाललें. पुरावा म्हणून काय दाखवावें, तर हाच कागद! सूनबाई कोणास उलट बोलत नाहींत. पण एके दिवशीं मी तो कागद उतरून काढीत बसलों असतां त्या चहा ठेवावयास आल्या, एकेक नांवाच्या त्या उभ्या ओळीकडे क्षणभर पाहत राहिल्या, आणि कांहीं न बोलतां गेल्या.

विधींची चेष्टा करणारा मी नव्हे. आयुष्यभर संस्कृत शिकविलें. श्राद्धपक्ष यथाशक्ति करीत आलों. परंतु पुराव्याची परीक्षा करावी हेंहि आपल्याच शास्त्रकारांनीं शिकविलें आहे. कागद जें सांगत नाहीं तें त्याच्या तोंडीं घालणें हें कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं.

या परीक्षेस मदत झाली ती माझ्या भाचीची. ती पुण्यास एका महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकविते. गेल्या भाऊबिजेस बहिणीबरोबर ती आली होती. कागद पाहून म्हणाली, "मामा, तुम्हीं हा वरून वाचतां. एकदां खालून वाचून पाहा." मला अर्थ कळेना, तेव्हां तिनें पुतण्याच्या थोरल्या मुलीस हाक मारली. दहा चिंचोक्यांवर शाईनें एक ते दहा आंकडे घालून ते वाटींत टाकले. मोठ्या कागदावर दहा दहा टिंबांच्या वीस ओळी आंखल्या. सर्वांत खालची ओळ ही आजची पिढी, तिच्यावरची बापांची, तिच्यावरची आजोबांची. खालच्या प्रत्येक टिंबाकरितां मुलीनें डोळे मिटून एक चिंचोका काढावयाचा. त्यावर जो आंकडा निघेल तो त्या टिंबाचा बाप. रेघ ओढावयाची आणि चिंचोका पुन्हा वाटींत टाकावयाचा. या खेळांत कोणास शाप नाहीं व कोणास वरहि नाहीं. प्रत्येक बापास सरासरीनें एक मुलगा. पुढें सगळी यदृच्छा.

पहिल्याच ओळींत एका बापाकडे तीन रेघा गेल्या आणि चार बापांकडे एकहि गेली नाहीं. वीस ओळी पुऱ्या झाल्यावर भाचीनें खालच्या दहांपैकीं कोणत्याहि पांच टिंबांस तांबड्या पेन्सिलीनें खूण करावयास सांगितलें, आणि त्या पांचांच्या बापाचा बाप, त्याचा बाप, असा माग तांबड्या रेघेनें वर काढीत नेला. दोन ओळींत पांचांच्या तीन रेघा झाल्या; पांचव्या ओळीस दोन. मग त्या दोन रेघा एकमेकींस टाळीत वर चढत राहिल्या, त्या चौदाव्या ओळीस कोठें एक झाल्या. तेथून वर सहा ओळी एकटी रेघ. मुलगी म्हणाली, "मोठे आजोबा, हें तर तुमच्या कागदासारखें दिसतें!"

खरोखरच तसें दिसत होतें. पांच पिढ्यांचा एक दोर, मग दोन लांब दोर, मग खालीं दाटी. आणि हें सारें वाटींतल्या चिंचोक्यांनीं केलें होतें.

याचें गणित इंग्लंडांतील जॉन किंगमन यांनीं १९८२ सालीं मांडलें. त्या वृक्षास ते कोअलेसंट म्हणतात. मी आपल्या सोयीकरितां त्यास संगमवृक्ष म्हणतों. त्यांतील मुख्य हिशेब कोणत्याहि घरांत पाटी-पेन्सिलीनें करतां येईल. कुळांत दर पिढीस दहा पुरुष आहेत असें धरूं. आजचे कोणतेहि दोघे घेतले, तर त्यांचा बाप एकच असण्याचा संभव दहांत एक. तो एक नसेल तर आजा एक असण्याचा संभव पुन्हा दहांत एक. याप्रमाणें वर जात राहावें. ज्या गोष्टीचा संभव दर खेपेस दहांत एक, तिची वाट सरासरीनें दहा खेपा पाहावी लागते. म्हणून दोघांचा सामाईक पूर्वज सरासरीनें दहा पिढ्या वर भेटतो.

आतां पांच जण घ्या. पांच जणांत जोड्या किती? भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत दिलेल्या रीतीप्रमाणें पांचांस चारांनीं गुणून दोहोंनीं भागावें. दहा जोड्या येतात. कोणती तरी एक जोडी जुळली कीं पांचांचे चार झाले. त्यास ढोबळ मानानें एकच पिढी लागते. चौघांत सहा जोड्या, म्हणून पुढल्या संगमास सुमारें पावणेदोन पिढ्या. तिघांत तीन जोड्या. सव्वातीन पिढ्या किंवा किंचित् अधिक. उरले दोघे. त्यांची जोडी एकच, म्हणून त्यांस पुऱ्या दहा पिढ्या. सगळी बेरीज सोळा पिढ्या होते. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर चारशें वर्षें. त्या सोळांतील दहा पिढ्या, म्हणजे निम्म्याहून अधिक काळ, वृक्षांत नुसत्या दोन फांद्या असतात. दहा पुरुषांच्या लहान कुळांत हे आंकडे थोडे इकडेतिकडे होतात, कारण एकाच पिढींत दोन संगम घडूं शकतात. कूळ मोठें असेल तितका हिशेब चोख बसतो. परंतु आकार तोच राहतो. खालीं भराभर संगम, वर लांबच लांब दोन फांद्या.

आमच्या मुळशीकडे ज्यांनीं पावसाळा पाहिला आहे त्यांना हें समजावून सांगावयास नको. आषाढांत ताम्हिणीच्या कड्यांवरून शेंकडों ओहोळ सुटतात. दहा पावलांवर दोन ओहोळ मिळतात, शंभर पावलांवर आणखी चार. पाहतां पाहतां त्यांचे ओढे होतात. पण मुळा आणि मुठा या दोन नद्या झाल्या कीं त्या आपापल्या खोऱ्यांतून कोसच्या कोस वेगळ्या वाहतात आणि पुण्यास संगमावर एकमेकींस भेटतात. दोन नद्या इतक्या लांबवर वेगळ्या वाहिल्या म्हणून त्यांच्यांत वैर होतें असें कोणी म्हणत नाहीं, आणि वाटेंत दुसरे ओढे नव्हतेच असेंहि कोणी म्हणत नाहीं.

येथें आमच्या कागदाचा उलगडा होतो. वंशावळ ही जिवंत माणसांनीं आपल्यापासून वर शोधीत नेलेली असते. तिच्यांत तेच पूर्वज येतात ज्यांच्या खालीं आज कोणी तरी उरलें आहे. पांचव्या पिढींतील पुरुष हा आम्हां सर्वांचा संगमपुरुष. त्याच्या वरची एकेरी ओळ हें त्या लोकांस भाऊ नसल्याचें लक्षण नव्हे. भाऊ असतील, कदाचित् पांच पांच असतील. पण त्यांच्या खालीं आज कोणी नाहीं, म्हणून आमच्या रेघा त्यांच्याकडे जात नाहींत. सहावीपासून दहावीपर्यंतच्या दोन दोरांचेंहि तेंच. हा केवळ तर्कहि नाहीं. मजजवळच्या एका जुन्या वाटणीपत्रांत आठव्या पिढींतील पुरुषाबरोबर त्याच्या दोन भावांचे हिस्से नमूद आहेत. ते दोघे वंशावळींत नाहींत. 'एकपुत्री' म्हणून गाजलेल्या आमच्या घराण्यांत त्या पिढीस तीन पुत्र वयांत येऊन हिस्सेदार झाले होते!

मग ते भाऊ निर्वंश झाले हा तरी दोषच कीं नाहीं, असें बंधूंनीं विचारलें. प्रश्न योग्य होता. त्याचें उत्तर संगमवृक्षापेक्षांहि जुन्या गणितांत आहे. इंग्लंडांत नामांकित घराण्यांचीं आडनांवें कां नाहींशीं होतात, असा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनीं विचारला होता. त्यावर १८७४ सालीं त्यांनीं व वॉटसन यांनीं मिळून निबंध वाचला. फ्रान्सांत बिएनेमे यांनीं त्याहि आधीं, १८४५ सालीं, हा विषय हाताळला होता. चिंचोक्यांच्या खेळाप्रमाणें मोठें कूळ घेतलें, प्रत्येक पुरुषास सरासरीनें एक मुलगा धरला, तर शंभर घरांपैकीं सुमारें ३७ घरांत पहिल्याच पिढीस मुलगा नसतो. तिसऱ्या पिढीअखेर ६३ घरांची पुरुषपरंपरा खुंटलेली असते, आणि दहाव्या पिढीस शंभरांतलीं अवघीं १६ घरें उरतात. उरलेल्या ८४ घरांत कोणी नाग मारला नव्हता. मुलगा न होणें ही यदृच्छेच्या राज्यांतील अगदीं सामान्य गोष्ट आहे. दहा पिढ्या सतत मुलगा होत जाणें हाच अपवाद. आपण जे आज वंशावळ लिहावयास बसतों ते सगळे त्या अपवादाचे वंशज, म्हणून अपवाद हाच आपणांस नियम वाटतो.

आणखी एक गोष्ट भाचीनें हिशेब करून दाखविली, ती मला फार मोलाची वाटते. फांदीची लांबी ही सरासरीभोंवतीं घुटमळणारी वस्तु नाहीं. ती अतिशय लहरी आहे. दहा पुरुषांच्या त्याच कुळांत दोघांचा संगम शंभरांत सत्तावीस वेळां तीन पिढ्यांच्या आंतच होतो, आणि बारा वेळां वीस पिढ्या वर चढूनहि होत नाहीं. एकाच कुळास, एकाच नियमानें, इतकीं निरनिराळीं रूपें मिळतात. तेव्हां फांदी लांब दिसली कीं तिच्यांत शाप, भांडण अथवा कमीपणा शोधावयाचा, आणि आंखूड दिसली कीं पुण्याई शोधावयाची, हें दोन्ही व्यर्थ आहे. आमच्या दोन्ही पात्यांत 'आपण मुळांत परके' अशी जी एक अढी बसली होती तिलाहि या लांबीखेरीज दुसरा आधार मला सांपडला नाहीं. धरणानें गांव मोडून माणसें दोन दिशांस गेलीं, त्यामुळें खालच्या पिढ्यांत येणेंजाणें तुटलें, हें खरें. पण वरचें अंतर त्या धरणाच्या दोनशें वर्षें आधींचें आहे.

कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचे दोन सिद्धांत येथेंच सांगून टाकतों. पांच माणसांवरून संगमपुरुष सोळा पिढ्या वर सांपडला, तर दहाहि माणसें गोळा केल्यानें तो अठरापर्यंतच जातो, आणि कितीहि मंडळी जमविली तरी गणितानें वीसपलीकडे सरासरी जात नाहीं. म्हणून अधिक घरें शोधल्यानें मूळ फारसें दूर सरकत नाहीं. मधली जाळी मात्र भरते. दुसरा सिद्धांत १९९३ सालीं फू व ली या संशोधकांनीं दिला. प्रत्येक माणसाची अगदीं स्वतःची अशी जी फांदी, म्हणजे दुसऱ्या कोणाशीं पहिला संगम होईपर्यंतचें अंतर, त्या सर्व फांद्यांची बेरीज सरासरीनें तेवढीच राहते, माणसें कितीहि घ्या. आमच्या उदाहरणांत ती वीस पिढ्या. पांच जण असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास चार पिढ्यांचें एकटेपण. दहा जण असतील तर दोनच पिढ्यांचें. नातलग जितके अधिक शोधावे तितकें प्रत्येकाचें एकटेपण कमी होतें. शास्त्रज्ञांस हीं मापें हवीं असतात तीं वेगळ्या कारणाकरितां. पिढ्यान् पिढ्या जनुकांत जे बारीक फरक पडत जातात त्यांची संख्या फांदीच्या लांबीच्या प्रमाणांत वाढते. त्यामुळें फरक मोजून लांबी काढतां येते, आणि लांबीवरून एखाद्या लोकसमूहाचा गतकाळ अजमावतां येतो.

या गणिताच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. सर्व बापांस सारखाच संभव असतो असें त्यांत गृहीत आहे. प्रत्यक्षांत एखादें घर सधन, एखादें रोगानें पछाडलेलें. एखाद्या सांथींत घरेंच्या घरें बसलीं. १९१८ चा इन्फ्लुएंझा हें जुन्या माणसांच्या तोंडीं असलेलें उदाहरण. उलट पुढल्या काळांत बालमृत्यु घटले व मुलें जगूं लागलीं, म्हणून कागदाच्या तळाशीं चिंचोक्यांच्या खेळांतल्यापेक्षांहि अधिक दाटी दिसते. दत्तकविधानानें एका फांदीची डहाळी दुसरीस जोडली जाते. शिवाय वरचीं नांवें मिळतात कोठून? बहुतेक तीर्थक्षेत्रीं उपाध्यायांच्या वह्यांतून, किंवा श्राद्धांत उच्चारल्या जाणाऱ्या पिता, पितामह, प्रपितामह या त्रयींतून. यात्रेस आलेला मनुष्य आपला बाप, आजा, पणजा सांगतो; आजाच्या भावांचीं नांवें सांगेलच असें नाहीं. तेव्हां एकेरी ओळ पडण्यास नोंदीची पद्धतिहि कारण आहे. यांतील कांहीं कारणांनीं फांद्या लांबतात, कांहींनीं आंखूड होतात. पण कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी एकेरी ओळ पाहून शाप सिद्ध होत नाहीं.

येथें मी एक गोष्ट स्पष्ट करतों. शाप नाहींच, असें गणितानें सिद्ध केलें असें माझें म्हणणें नाहीं. तें गणिताचें काम नव्हे. शाप असो वा नसो, कागद असाच दिसला असता, एवढेंच गणित सांगतें. आणि जो पुरावा दोन्ही पक्षीं सारखाच पडतो तो पुरावाच नव्हे, हें न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळें सांगावयास नको. मुलगा होईल कीं मुलगी, हें पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतें, हें आतां शाळेच्या पुस्तकांत आहे. तरीहि दोषाची वाट चुकून नेहमीं सुनेच्याच दाराशीं कां येते, याचा विचार वडील मंडळींनीं करावा.

राहिला एक मोठा विषय. आतांपर्यंतचा सारा हिशेब पुरुषपरंपरेचा झाला, कारण आमचा कागदच तसा आहे. ज्या भाचीनें तो मला वाचावयास शिकविला तिचें नांव त्यावर नाहीं; तिच्या आईचेंहि नाहीं. आई व बाप दोघांकडून माग काढला तर चित्र पालटतें. येल विद्यापीठांतील जोसेफ चँग यांनीं १९९९ सालीं याचा हिशेब प्रसिद्ध केला. एका बंद वस्तींत हजार माणसें आहेत, त्यांचे विवाह आपसांत कसेहि होतात असें धरा. नुसत्या बापाच्या रेघेनें सर्व पुरुषांचा एक पूर्वज गांठावयास सुमारें हजार पिढ्या लागतील, म्हणजे पंचवीस हजार वर्षें. आई-बाप दोन्ही धरले तर साऱ्या वस्तीस सामाईक असा एक तरी पूर्वज सुमारें दहा पिढ्यांतच भेटतो, अवघ्या अडीचशें वर्षांत! कारण प्रत्येक पिढीस पूर्वजांची संख्या दुप्पट होते: दोन, चार, आठ, सोळा, दहाव्या पिढीस १०२४. आपल्या समाजांत विवाह जातीपोटजातींच्या कुंपणांत होतात, म्हणून हा आंकडा जसाच्या तसा लागू पडत नाहीं. परंतु एवढें खास कीं, बापाच्या रेघेनें जे परके दिसतात ते आईच्या रेघेनें फार लवकर आप्त ठरतात. आमच्या दोन पात्यांत धाकट्या पातीकडील एका आजीचें माहेर व आमच्या पणजीचें माहेर एकच निघालें. वंशावळीच्या कागदावर जें अंतर नऊ पिढ्यांचें, तें त्या दोघींच्या वाटेनें चारच पिढ्यांचें आहे.

हा विचार आपल्या परंपरेस परका मुळींच नाहीं. सापिंड्य मोजतांना याज्ञवल्क्यस्मृतींत पित्याकडून सात पिढ्या व मातेकडून पांच पिढ्या सांगितल्या आहेत. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें त्या पांच व तीन केल्या. परंतु मातृपक्ष दोन्ही ठिकाणीं धरलेला आहे. तर्पणांत पित्याच्या त्रयीबरोबर मातामहाच्या त्रयीसहि पाणी सोडतात. कन्येस वडिलार्जित मालमत्तेंत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. जिला दर्भ घेऊन स्मरावयाचें आणि कायद्यानें हिस्सा द्यावयाचा, तिला वंशावळींतच जागा नसावी, यास शास्त्राचा आधार मला तरी आढळला नाहीं. कागद अरुंद होता, हेंच खरें कारण असावें.

म्हणून मीं नवी वंशावळ मोठ्या कागदावर, खालून वर अशी लिहावयास घेतली आहे. सर्वांत खालीं आजचीं मुलेंमुली, सर्वांचीं नांवें एकाच शाईनें. प्रत्येक जोडप्याचीं दोन्ही नांवें, आणि स्त्रीच्या नांवापुढें तिचें माहेर. वाटणीपत्रांत सांपडलेले ते दोन भाऊ आठव्या पिढींत बसविले व पुढें 'वंश ज्ञात नाहीं' एवढेंच लिहिलें. वरच्या एकेरी ओळींत रिकामें दिसतें म्हणून कोणा चुलत्यांचीं नांवें तर्कानें भरावीं, अशी एक सूचना धाकट्या पातीकडून आली होती. ती मीं नम्रपणें नाकारली. जेथें नांव नाहीं तेथें जागा मोकळी राहील.

बंधूंचें व माझें या विषयावर दोन संध्याकाळ बोलणें झालें. ते म्हणाले, "पितरांचें म्हणून जें करावयाचें तें मी करीन; त्यांत तूं पडूं नकोस." मीं तें मान्य केलें. मीं इतकेंच मागून घेतलें कीं, जें करावयाचें तें गेलेल्यांच्या शांतीकरितां असावें, सुनेच्या तिसऱ्या बाळंतपणाकरितां नसावें. आणि या कागदाचें नांव पुन्हा त्या बोलण्यांत निघूं नये. त्यांनीं लगेच होकार दिला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्यांनीं स्वतः सूनबाईंस बोलावून, डॉक्टरांनीं सांगितलें आहे त्याप्रमाणें वागावें, असें सांगितलें.

सूनबाईंनीं त्यानंतर मला एकच विचारलें: नव्या कागदावर त्यांच्या आईचेंहि नांव येईल काय? मीं होय म्हटलें. त्या कोल्हापुराकडील, त्यांच्या मातुल घराण्याची माहिती मजपाशीं नव्हती. ती त्यांनीं चार दिवसांत फोनवरून जमवून मला लिहून दिली, पांच पिढ्यांपर्यंत. ज्या घरांत वंशावळ आहे त्यांनीं आपल्या सुनांस व लेकींस असेंच विचारून पाहावें. जुनीं माणसें आहेत तोंवर हें काम चार दिवसांचें आहे. तीं गेल्यावर कोणत्याहि गणितानें नांवें परत मिळत नाहींत.